भिंतीवरचे ‘संस्थापक’

जुन्या छायाचित्रांचं जतन आणि स्कॅनिंग हे माझं काम. एका जिल्ह्याच्या गावच्या नगर वाचनालयाने आजवरच्या अध्यक्षांच्या, विश्वस्तांच्या तसबिरी माझ्याकडे सोपवल्या. त्यातल्या एका समूहचित्रावर सगळ्यांचा जीव. खाली पाटी होती, ‘संस्थापक मंडळ’. दर वर्धापनदिनी त्याला हार घातला जायचा.

तसबीर उतरवली, तर फोटो काचेला चिकटलेला. पावसाळी दमट हवेत कागदावरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. असा फोटो ओढायचा नाही, चेहरे काचेवर राहतात. शिपाईकाका मदतीच्या भावनेने सुरी घेऊन आले होते, त्यांना थांबवलं. काचेसकटच, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून कॅमेऱ्याने टिपला.

पडद्यावर मोठा केला आणि खुर्च्यांमागच्या भिंतीवर नजर अडकली. तिथे आणखी एक तसबीर टांगलेली होती. पगडी, झुपकेदार मिशा, उपरणं. लोकमान्य, आणि तसबिरीला हार. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. नुसत्या हारावर मी विसंबलो नसतो, पण मागच्या रांगेतल्या एका तरुणाच्या डोक्यावर गांधी टोपी होती. ती सगळीकडे दिसू लागली असहकाराच्या काळात. वाचनालय तर एकोणिसाव्या शतकातलं. ही मंडळी संस्थापकांच्या नंतरच्या पिढीची होती.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं तेच १८३९ मध्ये. म्हणून आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत ‘संस्थापक’ अशी पाटी दिसली की मी आधी तारीख शोधतो.

कार्यवाहांना सांगताना जीभ जड झाली होती. ते क्षणभर गप्प राहिले, मग स्वतःच कपाट उघडून वार्षिक अहवालांचे गठ्ठे काढून बसले. कसरीने चाळण केलेली पानं, पण १९२० नंतरच्या अहवालांत कार्यकारी मंडळाची नावं शाबूत होती. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, शेजारी कार्यवाह, असा अंदाज लगेच बांधता येतो. तो मी नोंदीत लिहू दिला नाही. दुसरा पुरावा असेल तरच चेहऱ्याला नाव. एका विश्वस्तांच्या नातवाने घरचा फोटो आणला, कपाळावरची खूण जुळली, ते नाव लागलं. डावीकडे जाडजूड नोंदवही छातीशी धरून उभे असलेले गृहस्थ ग्रंथपाल असावेत, असं मला मनापासून वाटतं. तरी तिथे ‘ओळख पटलेली नाही’ असंच लिहिलं आहे.

जुनी पाटी टाकू दिली नाही, ती पाकिटात घालून तसबिरीसोबत ठेवली. आणि देवघेवीच्या टेबलासमोर त्या फोटोची मोठी प्रत लावायला सांगितली आहे, डोक्यांवर आकडे घालून. खाली विनंती आहे: यातलं कुणी आपल्या घरचं वाटलं, तर जुना आल्बम घेऊन या.