पेटी, आठवडा 14: चिठ्ठ्या काढल्या

मागच्या नोंदीत "शुद्ध स्वर आले" असं मोठ्या तोंडानं लिहिलं होतं. ते परत घेते. स्वर कसले, पट्ट्या पाठ झाल्या होत्या.

पेटी आणली त्याच दिवशी लेकीचे वह्यांवर लावायचे स्टिकर कापून मधल्या सप्तकात पांढरी 1 (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) पासून सा, रे, ग ओळीनं चिकटवले होते. अलंकार म्हणजे सारेग, रेगम, गमप, डोळे चिठ्ठ्यांवर आणि डावा हात भात्यावर. गुरुवारी बाई म्हणाल्या, "आता वाजवता वाजवता गा बघू." तार सा येईपर्यंत आवाज चिरकला. "सा तुमच्या गळ्यात कुठाय ते आधी शोधू, पट्टीचं नंतर." शोधला. काळी 4, तीही खालच्या सप्तकातली.

तिथं चिठ्ठीच नव्हती. चाचपडत वर गेले तर ग निघाला नेमका 'सा' लिहिलेल्या पट्टीवर. ध 'म'वर, नि 'प'वर. बाई हसू दाबत होत्या.

घरी येऊन सगळ्या चिठ्ठ्या काढल्या (डिंकाला खोबरेल तेल, फडक्यावर थेंबभरच, पट्टीच्या फटीत जाऊ द्यायचं नाही). मग वहीत फक्त अंतरं लिहिली. सा ते रे, मधली एक पट्टी सोडून. रे ते ग तसंच. ग ते म लगेच शेजारी. म-प, प-ध, ध-नि पुन्हा एकेक सोडून, आणि नि ते तार सा शेजारी. काळं-पांढरं बघायचं नाही. सुटलेल्या पाच पट्ट्या म्हणजे कोमल रे, ग, ध, नि आणि तीव्र म. बारा स्वरांचा हिशेब मला चौदाव्या आठवड्यात लागला, हसा खुशाल.

पण आठवड्यातली खरी गंमत शनिवारी रात्री. भूपाचे स्वर सा रे ग प ध, म आणि नि वर्ज्य. अंतरं मोजत वेगवेगळ्या पट्ट्यांवरून भूप लावत होते. काळी 3 ला सा धरला आणि बोट पांढऱ्यावर उतरेचना! सगळ्या काळ्या, पाचच्या पाच. मग त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी 1 ला मानला. सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी 5 ला सा, तर कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, मालकंसाचे स्वर. पट्टी एकही बदलली नाही, फक्त सा हलवला. याला मूर्च्छना म्हणतात हे बाईंनी नंतर सांगितलं. नुसत्या स्वरांनी राग होत नाही, हेही ऐकवलं: देशकाराचे स्वर भूपाचेच, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग आणि देशकाराचा ध. ते माझ्या कानाला अजून कळत नाही.

कानाची एक गोष्ट मात्र जमली. मोबाइलवर तानपुरा लावून ग लांबवला, तर पेटीचा ग किंचित चढा लागतो. भास नाही तो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा ग सा पासून 400 सेंटवर (अख्खं सप्तक 1200 सेंटचं); तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा ग सुमारे 386 वर. गाताना आता पेटी सोडून तानपुऱ्याचा ग धरते.

ताल: रडगाणं जुनंच. 16 मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेच्या खालीला (तिथं टाळी नसते) हात बाजूला टाकते आणि 'धा तिं तिं ता'नंतर तेराव्या मात्रेची टाळी विसरते. समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एकटीच पंधराव्या मात्रेला पोचते.

येत्या गुरुवारपर्यंत भूपाची सरगम काळी 4 मधून, टाळी देत. पांढरी 5 वर डिंक राहिलाय थोडा, नि लावताना बोट चिकटतं.