जुनी जर्मन दुर्बीण नक्की कुणाची? बेनेडिक्टबॉयर्न ते येना

जुन्या जर्मन दुर्बिणीच्या नळीवर कोरलेलं नाव बनवणाऱ्याचंच असेल, असं अजिबात समजू नका. पुष्कळदा ते विकणाऱ्या चष्मेवाल्याचं असतं आणि भिंग घासणारा तिसराच कुणीतरी. हा गुंता सोडवायचा तर जिथे या दुर्बिणी घडल्या, तिथल्या खात्रीच्या वस्तू आधी डोळ्यांखालून घालायला हव्यात. मी दक्षिणेकडून निघून उत्तरेकडे गेलो. कालक्रमही साधारण तसाच लागतो.

म्युनिकहून कोखेलच्या गाडीनं तासाभरात बेनेडिक्टबॉयर्न येतं. इथल्या मठाच्या परिसरात भिंगं आणि दुर्बिणी बनवणाऱ्या फ्राउनहोफरची काचशाळा जपून ठेवली आहे. गिनाँ नावाच्या स्विस कारागिराकडून काच वितळवायचं तंत्र शिकून या माणसानं रेघा-लहरी नसलेली काच बनवली. भिंगासाठी तिचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते ते) अचूक मोजताना 1814 मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांची नोंद झाली. म्हणजे तो शोध मुळात कारखान्याच्या गरजेतून आला! मला तरी हे ठिकाण म्युनिकच्या भव्य संग्रहालयापेक्षा जास्त आवडलं. जागा लहान आहे, वेळाही ठरलेल्या, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा.

इथे सह्या वाचायला शिका. उट्झश्नायडर, राइशेनबाख आणि फ्राउनहोफर अशी तिन्ही भागीदारांची नावं असतील, तर नळी बहुधा 1814 किंवा त्याआधीची. त्या साली राइशेनबाख भागीदारीतून बाहेर पडला. दोनच नावं आणि गाव म्युनिक असेल, तर बहुधा 1819 नंतरची, कारण तेव्हा कारखाना शहरात हलला. कारखाना पुढे चालवणाऱ्या मेर्झचं नाव दिसलं, तर 1826 मध्ये फ्राउनहोफर वारल्यानंतरची.

म्युनिकमध्ये डॉइचेस म्युझियम आहेच. 1846 मध्ये बर्लिनला गाल्ले या खगोलशास्त्रज्ञानं जिच्यातून नेपच्यून शोधला, ती फ्राउनहोफरची दुर्बीण या संग्रहालयाकडे आहे. इमारतीचं नूतनीकरण टप्प्याटप्प्यानं होतंय, तेव्हा हवं ते दालन उघडं आहे का हे तिकीट काढण्याआधी विचारा.

येनाला मात्र निवांत वेळ काढा. भिंगं-दुर्बिणी बनवणाऱ्या झाइस कंपनीची इथली कार्यशाळा 1846 पासूनची असली तरी खगोल विभाग सुरू झाला 1897 मध्ये. (आपल्या तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेची एक मीटरची दुर्बीणही येनाचीच.) खरी गंमत 1945 नंतरची. अमेरिकन सैन्य जाताना निवडक तज्ज्ञांना सोबत घेऊन गेलं, येना पूर्व जर्मनीत राहिलं, पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला दुसरं झाइस उभं राहिलं आणि नावावरून दोघांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. म्हणून पश्चिमेकडे विकलेल्या पूर्वेच्या मालावर कधी नुसतं ‘आउस येना’ (म्हणजे ‘येनाहून’) सापडतं. हौशी लोकांत सगळ्यात लाडकी ती शाळांसाठी काढलेली टेलेमेंटॉर: 63 मिलिमीटर व्यास, 840 मिलिमीटर नाभीय अंतर. तिची 24.5 मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) जपानी दुर्बिणींनाही बसते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. नळीच्या नेत्रिकेकडच्या टोकाचे आटे पाहा. 44 मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर पिचाचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे ही येनाची खूण. कंपनीचं अभिलेखागारही याच गावात आहे. अनुक्रमांक आणि फोटो आधी पाठवा, थेट दारात जाऊन उभे राहू नका.

पुढे उत्तरेला बर्लिनच्या आर्खेनहोल्ड वेधशाळेत जाऊन या. 21 मीटर नाभीय अंतराच्या तिथल्या दुर्बिणीचं 68 सेंटिमीटरचं वस्तुभिंग (पुढचं मोठं भिंग) म्युनिकच्या श्टाइनहाइल या भिंगकारांचं. बर्लिनजवळचं राटेनो हे भिंग-चष्म्यांच्या उद्योगाचं जुनं गाव मी धावतपळत पाहिलं.

बाजारात पाहणी करताना छोटी टॉर्च आणि मापं घ्यायला व्हर्नियर कॅलिपर जवळ हवाच. टॉर्च वस्तुभिंगावर तिरपी धरा. दोन भिंगांच्या मधे कडेला, समान अंतरावर, पातळ पत्र्याचे तीन बारीक तुकडे दिसले तर ती हवेची फट राखलेली जोडी आहे. ती विक्रेत्याला उघडू देऊ नका. तुकडा हलला की प्रतिमा बिघडते. काचेतले एक-दोन बुडबुडे चालतात, काठावरची बुरशी चालत नाही. नळीवर सोनेरी अंडाकृती तपासणीचा कागद असेल, तर नाव कितीही जर्मन असो, माल जपानी. पश्चिम जर्मनीतली टपाल-विक्रीची दुकानं असल्या दुर्बिणी आपल्या नावानं खपवायची. परतताना वस्तुभिंग हातातल्या बॅगेत ठेवा, तिपाई मात्र सामानात टाका. सुरक्षा तपासणीत तीच अडवतात.