पाच सेकंदांच्या थांब्यानं बदललेलं प्रपोजल

सायकोपथी आणि अवधान, म्हणजे लक्ष, या विषयावर फंडेड पीएचडीची जागा निघाली, तेव्हा मी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत सहायक म्हणून लोकांच्या प्रतिक्रियांचे मिलिसेकंद मोजत होते. अवधान हा माझ्या रोजच्या कामाचा विषय होता. सायकोपथीबद्दल मात्र चारचौघांना असते तेवढीच माहिती होती: थंड डोक्याचा, कशाला न घाबरणारा, पश्चात्ताप नसलेला माणूस. तेवढ्याच भांडवलावर मी पहिलं प्रपोजल लिहून पाठवलं. प्रकल्पाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचं उत्तर आलं, त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: "तुम्ही माणसाचं वर्णन केलंय, मोजणार काय ते कुठेच लिहिलेलं नाही."

दोन दिवस फार वाईट वाटलं. मग वाचायला बसले, आणि या वेळी शोधनिबंधांतला पद्धतीचा भाग आधी वाचायचा असं ठरवलं.

खिळवून ठेवलं ते मानसशास्त्रज्ञ जोसेफ न्यूमन आणि सहकाऱ्यांच्या १९८७ सालच्या पत्त्यांच्या प्रयोगानं. एकेक पान उलटायचं, त्यावर पैसे मिळतात किंवा जातात. सुरुवातीला दहातली नऊ पानं जिंकून देतात. पुढे दर दहा पानांनी जिंकण्याची शक्यता घटत जाते आणि शेवटी नुसतं हरणं उरतं. कधी थांबायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. सायकोपथीचे गुण ठळक असलेले कैदी इतर कैद्यांपेक्षा जास्त वेळ खेळत राहिले आणि कमावलेलं घालवून बसले. पण आधीच्या पानांचे निकाल समोर मांडून ठेवले आणि पुढचं पान उलटण्याआधी पाच सेकंद थांबायला लावलं, तेव्हा हा फरक मिटला.

तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्यांच्याबद्दल 'यांना कशानंच काही फरक पडत नाही' असं म्हटलं जातं, त्यांना पाच सेकंदांच्या थांब्यानं फरक पडत होता!

याच गटाचा २०१० सालचा प्रयोग आणखी नेमका. पडद्यावर लाल किंवा हिरवी अक्षरं येतात आणि लाल अक्षरानंतर विजेचा झटका बसू शकतो. मधूनच मोठा आवाज होतो, आणि डोळ्याखाली लावलेले इलेक्ट्रोड पापणी किती जोरानं दचकली ते टिपतात. अक्षराच्या रंगाकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा सायकोपथीचे गुण असलेले कैदीही इतरांसारखेच दचकले. लक्ष दुसऱ्या कामात गुंतवलं, की मात्र धोक्याच्या रंगाचा परिणाम त्यांच्यात कमी दिसला. लक्ष एकदा कामाला जुंपलं की कडेनं येणारी सूचना आत शिरत नाही, असं या गटाचं म्हणणं. २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की धोका आधी दिसतो की काम आधी, या क्रमालाही महत्त्व आहे.

माझा प्रश्न इथून निघाला: तुरुंगाबाहेरच्या, सर्वसामान्य लोकांमध्येही या क्रमाचा परिणाम दिसतो का? मग मोजमापाचा घोळ समोर आला. सायकोपथी मोजणारी, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची प्रसिद्ध तपासणी २० मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला ० ते २ गुण, एकूण ४०. पण ती प्रशिक्षित माणसानं, दीर्घ मुलाखत आणि जुनी कागदपत्रं तपासून करायची असते. बाहेरच्या लोकांची अशी कागदपत्रं कुठून आणणार? म्हणून मी ५८ विधानांची स्वयंमूल्यमापन प्रश्नावली निवडली. ती धाडस, निर्दयता आणि बेलगामपणा हे तीन गुण वेगवेगळे मोजते. या एका निर्णयावर माझे तीन आठवडे गेले, आणि मला वाटतं प्रपोजलमधला सर्वांत पक्का भाग तोच झाला.

बाकीची कागदपत्रं सरळ होती: गुणपत्रिका, दोन शिफारसपत्रं, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग येत असल्याचा पुरावा. एक गोष्ट मात्र अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं नीट वाचावी. फंडेड प्रकल्पात फी आणि विद्यावेतन मिळतं, पण ते नेमकं किती वर्षं, आणि प्रबंध लिहिण्याचा काळ त्यात धरलाय का, हे पाहायलाच हवं. शिवाय मूळ विषय बहुधा आधीच ठरलेला असतो. आपण त्यात काय भर घालणार, तेवढंच सांगायचं असतं. माझं पहिलं प्रपोजल फसलं त्याचं हेही एक कारण होतं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, सायकोपथी हे स्वतंत्र निदान आहे का? नाही. तिथे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आहे, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत. मग मुलाखत घेणारे म्हणाले, २०१५ च्या एका संकलित विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या) न्यूमन यांच्या सिद्धांताला मिळणारा पाठिंबा माफकच दिसला, तुमच्या हाती काहीच लागलं नाही तर? मी सांगितलं की नमुन्याचा आकार छोटा परिणाम गृहीत धरूनच काढलाय, आणि विश्लेषणाची योजना आधी नोंदवून ठेवणार आहे. म्हणजे परिणाम दिसला नाही, तरी त्या 'नाही'ला अर्थ असेल.

शेवटचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "एखाद्यानं स्वतःचा स्कोअर मागितला तर?" मी थांबले, विचार केला आणि म्हणाले की देणार नाही. ही प्रश्नावली संशोधनासाठी आहे, तिचा आकडा म्हणजे निदान नव्हे, आणि 'सायकोपथी' हा शब्द मनात घेऊन कुणी एकटं घरी जावं हे मला मान्य नाही. पण आकडा देणार नाही, हे त्यांना सहभागी होण्याआधीच सांगेन, आणि मनात अस्वस्थता उरली तर कुणाशी बोलायचं तेही लेखी देईन.

नऊ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. सोबत अट होती की नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकाही सहभागी व्यक्तीला बोलवायचं नाही. त्यामुळे पीएचडीतलं माझं पहिलं लिखाण म्हणजे सहभागींसाठीचं माहितीपत्रक. 'व्यक्तिमत्त्व आणि अवधान' असं शीर्षक ठेवलं तर काहीतरी लपवल्यासारखं वाटत होतं आणि 'सायकोपथी' लिहिलं तर लोक दचकतील अशी भीती होती. चार मसुदे झाले. पाचव्यात मी तो शब्द लिहिला, त्याखाली तीन साध्या वाक्यांत त्याचा अर्थ दिला आणि तो मसुदा समितीकडे पाठवला.