आबांच्या पेटीतील दोन पदके

आमचे आजोबा, म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी शेतीच केली. लढाईविषयी ते बोलत नसत, त्यामुळे ‘आबा ढाक्याला होते’ हे एकच वाक्य घरात दोन पिढ्या चालत आले. ते खरे की कसे, हे पाहण्यासाठी गेल्या डिसेंबरात मी आत्याला घेऊन किल्लारीच्या बाजूला गेलो.

लातूरहून औसा, लामजना करत किल्लारीला जाता येते. एसटी मिळते, पण आसपासची जुनी गावठाणे पाहायची तर स्वतःची गाडी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती आणि विसर्जनाहून परतलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर त्यांच्या अंगावर आला. आमचे घर त्यातच गेले. गाव पुढे दुसरीकडे वसले. जुन्या जागी आता वेड्या बाभळी माजल्या आहेत, म्हणून पायात बूट असावेत आणि सोबत गावातले एखादे जाणते माणूस असावे. आमचे घर कुठे होते, हे आत्यालाही शेजारच्या आडावरूनच ओळखता आले.

ढिगाऱ्यातून निघालेली आबांची लोखंडी पेटी नव्या गावात चुलत्यांकडे आहे. झाकण चेपलेले, कागद ओल लागून एकमेकांना चिकटलेले आणि तळाशी फडक्यात दोन पदके. एक १९७१ चे संग्राम पदक. ते त्या युद्धकाळात सेवेत असणाऱ्यांना दिले गेले, त्यावरून आघाडी कळत नाही. दुसरे मात्र ‘पश्चिमी स्टार’ निघाले. पूर्व आघाडीसाठी ‘पूर्वी स्टार’ वेगळा असतो, म्हणजे ढाक्याचा विषय तिथेच संपला. चुलते जरा हिरमुसले.

संग्राम पदकाच्या कडेवर आबांचा सैनिक क्रमांक बारीक कोरलेला आहे. असे पदक सापडल्यास चिंच किंवा राख लावून घासू नये. क्रमांक गेला तर पुढचा माग अवघड होतो. तो उतरवून घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. बऱ्याच जिल्ह्यांत असे कार्यालय आहे, मात्र शनिवार-रविवार सुटी असते; आम्ही नेमके शनिवारी पोहोचलो आणि सोमवारपर्यंत लातुरात अडकलो. सेवेची मूळ नोंद रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असते. तिथे अर्ज करताना क्रमांकाबरोबर मृत्यू प्रमाणपत्र आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा.

परतताना औशाला चहा घेताना आत्या म्हणाली, “जेवताना खडा लागला तरी आबा बोलायचे नाहीत. आईनं विचारलं की म्हणायचे, तिकडं रोटीत वाळूच असायची.” हे आम्ही सगळ्यांनीच ऐकले होते, तिकडं म्हणजे कुठे, हे मात्र आबांना कोणी विचारले नव्हते.