उलटा पीळ

श्रावणातल्या एका दुपारी सर थांबल्यावर मी मैदानावर गेलो, धनुष्याला दोरी चढवली आणि पहिला बाण लावण्यापूर्वी नेहमीच्या सवयीने दोरीवरून अंगठ्याचे नख फिरवले, तेव्हा वरच्या फासाच्या किंचित खाली नख अडखळले. चौदा धाग्यांपैकी एक तुटून केसासारखा बाहेर आला होता. उरलेले तेरा धागे शाबूत होते, पण अशा दोरीने बाण सोडायचा नसतो. ताणलेली दोरी तुटली, तर बाणाला मिळायचा सगळा जोर उलटा धनुष्यात परततो आणि ज्या दोन लवचिक पात्यांना आमच्याकडे सगळे ‘लिम्ब’ म्हणतात, ती तडकतात. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नये, असे नवख्याला पहिल्याच दिवशी दटावून सांगतात तेही याच कारणाने.

हे धनुष्य खरे तर मुलाचे. ऑगस्ट 2023 मध्ये आदिती स्वामी ही साताऱ्याची सतरा वर्षांची मुलगी बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनेही सुवर्ण जिंकले. त्यानंतर आमच्या भागात ज्या घरात मूल होते त्या घरात तिरंदाजीची चर्चा होती. आमच्या मुलाने दीड वर्ष हौस केली, मग दहावीचे निमित्त करून धनुष्य कपाटावर ठेवले. त्याची धूळ झटकता झटकता पन्नाशीला टेकलेला बाप मैदानावर कसा गेला, हे सांगण्यासारखे नाही. पहिल्याच दिवशी मला विचारण्यात आले, ‘‘तुम्ही उजवे की डावे?’’ हातांचा त्रिकोण करून त्यातून दूरचा विजेचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब जागच्या जागी दिसेल तो तुमचा डोळा, आणि त्या बाजूच्या हाताने दोरी ओढायची. माझा उजवा निघाला. धनुष्यही उजवेच होते, त्यामुळे नवा खर्च वाचला, याचाच आनंद जास्त झाला.

तुटलेल्या धाग्याची दोरी मी प्रशिक्षकांना दाखवली. दुकानातून नवी मागवायची तर आठवडा जाणार होता. ते म्हणाले, ‘‘काका, दोरा घ्या आणि स्वतःच वळा की. दोन खिळे ठोकलेली फळी आणि मेण, एवढे पुरते.’’ ते सहज बोलून गेले आणि माझी दोन महिन्यांची झोप त्यात गेली.

डेक्रॉनच्या दोऱ्याचे रीळ आले. धनुष्य 68 इंचांचे, म्हणजे दोरी त्याहून साधारण चार इंच आखूड हवी, आणि पिळात जाणारी लांबी धरून धागे बरेच लांब कापायला हवेत, इथवर हिशेब जमला. चौदा धागे सात-सातच्या दोन पेडांत वाटले, मेण चोळले. आता प्रत्येक पेडाला स्वतःपासून दूर पीळ द्यायचा आणि पिळलेला पेड दुसऱ्यावरून स्वतःकडे आणायचा. दोन पेड एकमेकांना सोडवू पाहतात आणि त्या ओढाताणीतच एकमेकांना घट्ट धरून राहतात. गाठ कुठेच नसते. कागदावर हे वाचताना मला फार सुंदर वाटले होते. प्रत्यक्षात एक टोक वळून झाल्यावर मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो आणि दुसरे टोक नेमके विरुद्ध दिशेने वळले. दोरी दिसायला देखणी झाली. धनुष्यावर चढवण्यापूर्वी तिला मधून वीस पीळ दिले, तर एक फास करकचून आवळला गेला आणि दुसरा डोळ्यांदेखत उलगडून त्याची दाढी झाली. घरातल्यांनी ती दाढी बराच वेळ पाहिली. त्यानंतर मी टेबलावर स्केचपेनने दोन बाण काढले, एक पिळाचा आणि एक वळणाचा, ते अजून पुसले गेलेले नाहीत.

तिसरी दोरी टिकली. नवी दोरी पहिल्या दिवशी सैलावते, हे तेव्हा कळले. मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर सकाळी साडेआठ इंच होते, पन्नासेक बाणांनंतर ते आठावर आले, आणि त्याची बातमी फूटपट्टीच्या आधी डाव्या हाताने दिली, कारण खाली आलेली दोरी सुटताना कोपराच्या आतल्या बाजूला फटकन लागली आणि तिथे वांग्याच्या रंगाचा डाग उठला. दोरी उतरवायची, दहा-बारा पीळ वाढवायचे, पुन्हा चढवायची, पुन्हा मोजायचे. अंतर बरोबर जमले की धनुष्याचा आवाज बदलतो. खणखणीतपणा जातो आणि ओल्या मातीवर पोते टाकल्यासारखा एक दबका ‘थप’ उरतो. त्या एका आवाजासाठी मी तासन्‌तास पीळ वाढवत आणि कमी करत बसतो. निशाणावर बाण कुठे लागला हे त्या नादात कित्येकदा बघायचे राहून जाते, आणि तो जिथे लागलेला असतो ते पाहता हे बरेच आहे.

बाणांची पिसेही आता मीच चिकटवतो. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डाव्या-उजव्याची सरमिसळ चालत नाही. पण त्यात मला दोरीएवढा रस नाही. दोरीबाबत मात्र मी थोडा असह्य झालो आहे. दुसऱ्याचे धनुष्य स्टँडवर दिसले की माझे नख आपोआप त्याच्या दोरीवरून फिरते, आणि मेण वाळलेले आढळले तर मला राहवत नाही. खिशातली मेणाची वडी काढून मी ती दोरीवर घासतो आणि चामड्याच्या तुकड्यात धरून दोरी गरम होईपर्यंत चोळतो. मुले आता मला येताना पाहून धनुष्ये उचलून घेतात.

शाळेत गणिताच्या सरांनी फळ्यावर वर्तुळ काढून त्याची जीवा दाखवली होती, वरचा चाप दाखवला होता, पुढे ज्या आणि कोज्या शिकवल्या होत्या. जीवा म्हणजे दोरी, चाप म्हणजे धनुष्य आणि ज्या म्हणजेही दोरीच, हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. साधी त्रिज्या म्हटली तरी तिच्यात ती दोरी आहे. सांगितले असते तर निदान तेवढे गुण पडले असते. गुण म्हणजेही दोरीच, हे आणखी वेगळे.

त्या वयात आमचे तिरकामठे मोडक्या पाटीच्या कामटीचे असत आणि बाण खराट्याच्या हिरांचे. नेम लागावा म्हणून टोकाला रस्त्यावरच्या डांबराची गोळी लावायची. असा एक बाण मी गच्चीवरच्या वाळवणात मारला आणि काकूंच्या पापडावर काळा ठिपका उमटला, तेव्हा त्यांनी कामठा चुलीत घातला. दोरी तेवढी मी वाचवली, कारण ती आजोबांनी वळलेली होती. सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ चिरेची असते, हे मला फार उशिरा समजले. आमच्याकडे दोरी म्हणजे घायपाताची.

बेंदराच्या आधी आजोबा ओट्यावर बसून बैलांसाठी नवे कासरे आणि दावी वळत. वाख पाण्याने ओला करून एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेले असे, आणि लांब दोरी असली की दुसरे टोक माझ्या हातात येई. मी पीळ देत उभा राहायचो आणि ते पेडांवर पेड बसवत माझ्या दिशेने सरकत यायचे. ‘‘पीळ सोडू नगंस,’’ ते म्हणायचे, ‘‘हातातनं सुटला की अंगावर येतोय.’’ एकदा माशी बसली म्हणून मी हात सोडला, आणि अख्खा वाख सापासारखा वळवळत त्यांच्या मांडीवर जाऊन गोळा झाला. ते रागावले नाहीत. त्यांनी तो गुंता मांडीवर तसाच ठेवला, तंबाखू मळली आणि मग पहिल्यापासून सुरुवात केली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या ओट्यावरचे माझ्या हातांत काहीही उरलेले नाही. उरले असते तर टेबलावर स्केचपेनचे बाण काढावे लागले नसते. आजोबा पीळ कुठल्या बाजूला देत, हेही मला आठवेना. म्हणून परवा गावी गेलो तेव्हा गोठ्यात शिरलो. बैल जाऊन वीस वर्षे झाली, तिथे आता मोटरसायकल आणि खताची पोती असतात, पण मागच्या खुंटीवर त्यांच्या हातचे एक दावे अजून लटकते. ते उजेडात आणून झटकले, धूळ उडाली, आणि मी खिशातल्या माझ्या दोरीचा तुकडा त्याच्या शेजारी धरला. माझ्या दोरीचे वळ उजवीकडे चढत होते. त्यांचे सगळे वळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डावीकडे चढत होते.

त्यांना मी उजव्या हाताने जेवताना पाहिले आहे आणि उजव्या हाताने सही करताना पाहिले आहे. पण त्या काळी डावऱ्या मुलाच्या हातावर फटका मारून त्याला उजवे करत. आजोबा मुळात डावरे होते का, हे विचारायला आता घरात कोणी उरलेले नाही.