आमची वाटचाल: आधी भिंत, मग अर्ज

मी मूळचा राजापूरचा. वडील गवंडी. चिऱ्याची भिंत ओली दिसली की हात लावून ते सांगायचे, पाणी वरून येतंय की जोत्यातून. 2016 साली मी नोकरीसाठी आयर्लंडला आलो, काउंटी मेयोत स्थिरावलो आणि 2021 मध्ये इथल्याच एका सुताराबरोबर भागीदारीत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेऊ लागलो.

इथे बंद घरं फार. 2022 च्या जनगणनेत, सुट्टीपुरती वापरली जाणारी सोडून, देशभरात 1 लाख 66 हजारांहून जास्त घरं रिकामी निघाली. कोकणातलं बंद घर निदान गणपतीला उघडतं. इथल्या कित्येक कुलपांना वीस-वीस वर्षं किल्ली लागलेली नसते.

जुलै 2022 मध्ये सरकारने अशा घरांसाठी अनुदान सुरू केलं. मे 2023 पासून रिकाम्या घराला 50,000 युरोपर्यंत आणि मोडकळीला आलेल्या घराला 70,000 पर्यंत रक्कम मिळू लागली. घर दोन वर्षं रिकामं हवं, 2007 पर्यंत बांधलेलं हवं, आणि नंतर मालकाने तिथे राहायचं किंवा ते भाड्याने द्यायचं. पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळी रक्कम परत, दहाच्या आत विकलं तर 75 टक्के. आम्हाला रोज फोन येऊ लागले.

अनुदानातलं आमचं पहिलं काम एका शिक्षिकेचं. आजीचं दगडी घर. चिमणीतून कावळ्यांच्या घरट्यांच्या काड्या निघाल्या, अकरा पोती. मूळच्या चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. छिन्नीने ढलपा उडवला तर आतला दगड घामेजलेला, सांध्यातला चुना बोटांत भुगा होणारा. सिमेंटने ओल आत कोंडून ठेवली होती. जमिनीच्या फळ्या उचलल्या, तर तुळयांची टोकं कुजलेली. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मंजूर कामांच्या यादीत तुळया नव्हत्या. अंदाजपत्रक देताना आम्ही एकही फळी उचलून पाहिली नव्हती. चूक आमची होती, म्हणून अर्धा खर्च आम्ही सोसला. उरलेल्या अर्ध्यासाठी तिने बँकेचं कर्ज वाढवलं. त्यात अनुदान हाती पडणार ते काम पुरं होऊन कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची, पाहणी झाल्यावरच. आठ महिने तिचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

तेव्हापासून अर्जाआधी आम्ही चिमणीत डोकावतो, दोन-तीन फळ्या उचलतो, तळहाताएवढा गिलावा काढून पाहतो. फक्त पाहतो. मंजुरीआधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला हात लावत नाही. मंजुरी मिळाली की मग सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा. थंडीत त्याला गोणपाटाखाली जपावं लागतं, घाई चालत नाही.

एक मागणी मात्र मनापासून आहे: ही रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. ज्याच्या गाठीला काहीच नाही त्याला आजोबांचं घर असूनही सुरुवात करता येत नाही, आणि असे लोक आमच्याकडे दर महिन्याला येतात.

शिक्षिका नोव्हेंबरात राहायला गेली. त्या दिवशी चूल पेटवली, धूर सरळ वर गेला. मी भिंतीला हात लावला. वरचा भाग कोरडा होता. जोत्याजवळची ओल जायला पुढचा उन्हाळा उजाडला.