एबीएसचा दिवा आणि डाव्या चाकाची तार

चवथीच्या आदल्या आठवड्यात बेळगावहून चोर्ला घाट उतरून केरीच्या दिशेने येत असताना गाडीचा एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके लॉक होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. त्याआधी दोन-तीन वळणांवर, गाडी अगदी हळू झालेली असताना, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरले होते. पाऊस होता, म्हणून चाक घसरत असेल आणि एबीएस आपले काम करत असेल, असे मी समजलो. वस्तुतः काहीच घसरत नव्हते. एका चाकाच्या सेन्सरकडून येणारा वेग मध्येच शून्यावर जात होता आणि बाकीची तीन चाके फिरत असताना हे एकच थांबले म्हणजे ते लॉक झाले, असा अर्थ लावून यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक सोडत होती. दिवा लागल्यावर एबीएस बंद पडते, पण नेहमीचे ब्रेक चालू राहतात. मात्र पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नये.

डिचोलीत ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे चाक न उघडताच एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बदलण्याचा सल्ला मिळाला. सेन्सरच्या कितीतरी पट महाग असलेला भाग निव्वळ दिवा पाहून बदलायचा, हे मला मुळीच पटले नाही. घरी पुतण्याच्या स्कॅनरवर सी००३५ हा कोड आला, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट. कोडमुळे चाक कळते, बिघडलेला भाग कळत नाही. दोष सेन्सरमध्ये असेल, तारेत असेल, कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल किंवा सेन्सर ज्या रिंगकडे पाहून वेग मोजतो, ती रिंग खराब झाली असेल.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती गुंडाळी असते आणि मल्टिमीटरने तिचा रोध मोजून बराच अंदाज येतो. माझ्या गाडीतला सेन्सर ॲक्टिव्ह, म्हणजे बाहेरून वीज घेऊन चालणारा आहे. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि तो साधारण ७ व १४ मिलिॲम्पिअर अशा दोन पातळ्यांमध्ये प्रवाह बदलून संकेत पाठवतो, त्यामुळे रोध मोजून काही निष्पन्न होत नाही. आम्ही कनेक्टर सोडवून, इग्निशन चालू करून मॉड्यूलकडून येणारा व्होल्टेज पाहिला. तो बॅटरीच्या आसपास होता. मॉड्यूलपासून कनेक्टरपर्यंतचा वीजपुरवठा शाबूत असल्याचे त्यावरून दिसले.

पुढची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, पुढचे डावे चाक जॅकने उचलून खाली स्टँड ठेवला आणि गाडी न्यूट्रलमध्ये घेतली. पुतण्या एका हाताने चाक फिरवू लागला आणि दुसऱ्या हातात धरलेल्या स्कॅनरवर ताशी ३-४ किलोमीटर असा वेग दिसू लागला. "काका, आता तार हलवा," तो म्हणाला. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, तार हलवली तेव्हा आकडा ढळला नाही. पण शॉकॲब्सॉर्बरला जिथे ग्रोमेटने, म्हणजे रबरी कड्याने, तार अडकवलेली असते, तिथे ती वाकवताच आकडा शून्यावर गेला, सोडली की परत आला. स्टिअरिंग वळताना तार नेमकी तिथेच दुमडते, म्हणून घाटाच्या वळणांवर दोष उमटत होता.

तार आणि सेन्सर एकसंध येत असल्यामुळे पूर्ण नगच बदलावा लागला. वाकणाऱ्या जागी जोड देऊन टेप गुंडाळणे ब्रेकच्या बाबतीत मला मान्य नाही. दहाच्या पान्याचा एकच बोल्ट लगेच सुटला, पण सेन्सर नकलमध्ये (चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात) गंजाने घट्ट धरला होता. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात असे होणारच. अशा वेळी पक्कडीने ओढले की प्लास्टिक तुटून अर्धा भाग आत राहतो, आणि ड्रिलने तो काढू गेल्यास आतली बेअरिंगची चुंबकीय रिंग दुखावण्याची भीती असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून आम्ही अर्धा तास थांबलो, मग सेन्सर डावीउजवीकडे केसभर फिरवत राहिलो आणि हळूहळू तो वर आला. भोकातला गंज पॉलिश पेपरने काढला आणि कचरा आत पडू नये म्हणून तोंडाशी ओलसर फडके धरले. बॅटरी टॉर्चच्या उजेडात रिंग स्वच्छ आणि अखंड दिसली. तिच्यावर लोखंडाचा कीस चिकटलेला असता, तर नवा सेन्सरही चुकला असता.

नव्या तारेवर ग्रोमेटच्या जागांच्या पांढऱ्या खुणा होत्या. त्याप्रमाणे ती अडकवली आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ती कुठे ताणत नाही ना, टायरला घासत नाही ना, हे पाहिले. बोल्ट नेमका लागेल इतकाच आवळला. कोड पुसून, मोकळ्या रस्त्यावर चारही चाकांचे वेग एकसारखे येत असल्याची खात्री केली आणि कोरड्या सरळ पट्ट्यावर दोनदा ब्रेक लावून पाहिला. पेडल शांत राहिले.

संध्याकाळी जुनी तार ग्रोमेटपाशी ब्लेडने उभी चिरली. वरचे रबर धडधाकट होते, एक चीरही नव्हती. आत तांब्याचे धागे हिरवे पडले होते आणि एका तारेचे तुटलेले दोन तुकडे एकमेकांना नुसते टेकून होते.